हरणापलीकडे गेलेली गोळी

हरणाला मारायला आणि माणसापासून वाचायला एकच गोळी चालेल का?

घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं होतं.

प्रश्न माझा नव्हता, आमच्या वर्क्स मॅनेजरांचा होता. त्यांना दिघे साहेब म्हणू. पिंपरीच्या हमरस्त्याला लागून जे नवे कारखाने उभे राहिले, त्यांतल्या एकाचे ते मॅनेजर आणि मी तिथला आर्मरर. आर्मरर म्हणजे हत्यारं सांभाळणारा. पहारेकऱ्यांच्या चार दुनळी बंदुका आणि पगाराच्या गाडीसोबत जाणारं एक रिव्हॉल्व्हर यांची साफसफाई, दुरुस्ती आणि रजिस्टर माझ्याकडे. काम मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात शिकलो. त्याआधी वाचायला शिकलो, तेही पत्रकांवर. वडील छापखान्यात खिळे जुळवत. घरात पुस्तक एक नव्हतं, पण सभेची, संपाची, सत्याग्रहाची पत्रकं ढिगानं असत. पत्रकात सगळं सोपं असतं. एका बाजूला जुलूम करणारा, दुसऱ्या बाजूला जुलूम सोसणारा, आणि मध्ये कुणी नाही.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एका विलायती कंपनीचा कॅटलॉग उघडा होता.

"पवार, मला लायसन मिळालंय. एकच रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. बत्तीस की अडतीस?"

"काम काय करायचंय, साहेब?"

"कामं दोन. आठवडाभर इथं." त्यांनी पेननं खिडकीकडे दाखवलं. खाली गेटवर सभा चालली होती. भट्टी खात्यातल्या लोकांनी संपाची नोटीस दिली होती. भट्टीपाशी पंखे लावा, ही पहिली मागणी. "आणि रविवारी चाकणकडे. तिथं माळावर हरणं फार आहेत म्हणे."

पंखे मागणाऱ्या माणसांपासून वाचायला रिव्हॉल्व्हर. हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं जे म्हटलं ते धंद्याचं होतं.

तेच तुम्हालाही सांगतो. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप. एका इंचाचे शंभर भाग करा. त्यातले बत्तीस घेतले की बत्तीसची गोळी, अडतीस घेतले की अडतीसची. मोठं माप, जड गोळी, जास्त धक्का. स्वतःला वाचवायचं हत्यार दहा पावलांवर वापरायचं असतं. तिथं बत्तीस पुरते. हाताला हलकी, झटका कमी, नेम हलत नाही. हरीण दहा पावलांवर उभं राहत नाही. ते साठ-सत्तर पावलांवर असतं आणि तुम्ही श्वास घेतलात तरी त्याचे कान फिरतात. तेवढ्या अंतरावर आखूड नळीचा नेम म्हणजे अंदाजच. लागलीच, तर अडतीसची गोळी जड असली तरी संथ असते. जनावर पडत नाही, पोटात शिसं घेऊन पळतं आणि दोन दिवसांनी कुठल्यातरी ओढ्यात मरतं. आणि चुकली तर ती तिथं थांबत नाही. सपाट माळावर रिव्हॉल्व्हरची गोळी मैलभर जाऊ शकते. शिकाऱ्याला ती दिसत नाही म्हणून ती संपली असं त्याला वाटतं.

"म्हणून साहेब, हरणासाठी रिव्हॉल्व्हर नकोच," मी म्हणालो. "रायफल घ्या, तिचं वेगळं लायसन काढा. या लायसनवर तसाही हेतू फक्त स्वसंरक्षण लिहिलाय."

साहेबांनी कॅटलॉग मिटला. "मी तुला हेतू विचारला नाही. दोनांतली कुठली?"

शेजारी आमचे सिक्युरिटी ऑफिसर उभे होते. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणत. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्या नजरेचा अर्थ नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगावा लागत नाही.

"त्यातल्या त्यात अडतीस," मी म्हणालो.

ही पाच अक्षरांची चूक. 'त्यातल्या त्यात'. जिथं 'नाही' म्हणायचं, तिथं आपण हे म्हणतो आणि वाटतं, आपण खोटं तर बोललो नाही.

रिव्हॉल्व्हर आलं. सुभेदारांचा एक नियम होता, पलटणीतून आणलेला. कंपाउंडमध्ये येणारं प्रत्येक हत्यार, मग ते कुणाचंही असो, आधी लाकडी भुशाच्या लांब पेटीत झाडून बघायचं. एक गोळी भुशातून शोधून काढायची, तिला हत्याराच्या नंबरची चिठ्ठी बांधायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवायची. मी एकदा कारण विचारलं होतं.

"अरं, उद्या कुटं खून पडला तर कुनी आपल्या गेटाकडं बोट दाखवाय नगं," ते म्हणाले होते. "आपली गोळी आपल्या ड्रॉवरात. कंपनी मोकळी."

नियम कंपनीला वाचवायला होता. साहेबांच्या रिव्हॉल्व्हरचीही एक गोळी ड्रॉवरमध्ये गेली. हत्यार ते आर्मरीत ठेवत. शनिवारी सही करून नेत, सोमवारी सही करून परत देत.

तिसऱ्या सोमवारी ते आले तेव्हा नळी काळी होती. सहा काडतुसं नेली होती, चार परत आली.

"तुझी अडतीस काही कामाची नाही," साहेब म्हणाले. "पहिली चक्क पोटात मारली. हरीण उडालं आणि पळालं. दुसरी हुकली."

"हुकलेली कुठं गेली, साहेब?"

"म्हणजे?"

"कुठल्या बाजूला?"

"माळावर, आणखी कुठं!" ते हसले. "गोळीचा पत्ता ठेवायचा असतो का?"

मी नळी साफ केली आणि रजिस्टरमध्ये 'दोन झाडल्या' लिहून सही घेतली. कुठं झाडल्या असा रकाना त्या रजिस्टरात नव्हता.

गुरुवारी तालुक्याहून एक फौजदार आले. सुभेदारांशी त्यांची जुनी ओळख. त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली. आत कापूस आणि कापसात शिशाचा लांबट तुकडा, एका बाजूनं वाकलेला.

"बाईच्या मांडीतनं काढली डॉक्टरनं," ते म्हणाले. "निघोज्याची बाई. हरभऱ्यात खुरपत होती रविवारी सकाळी. आरोपी आत टाकलाय. म्हादू म्हणून आहे एक, तिच्याच भावकीतला. ठासणीची बंदूक आहे त्याच्याकडे, पिकाच्या राखणीचं लायसन. बांधावरनं दोन वर्षं वाद चाललाय दोघा घरांत. बंदुकीला ताज्या दारूचा वास. सगळं जुळतंय. तुमच्या माणसानं फक्त दोन ओळी लिहून द्याव्या, की ही गोळी ठासणीची."

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून भरायची. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे किंवा गोल गोळी, आणि वरून गजानं ठासायचं. तिची नळी आतून गुळगुळीत असते, पाण्याच्या पाइपासारखी. रिव्हॉल्व्हरच्या नळीत मात्र पिळाचे खाचे पाडलेले असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि खाच्यांचे वळ अंगावर घेऊन बाहेर पडते. हे वळ पुसता येत नाहीत.

मी गोळी दिव्याखाली धरली. वळ होते. मोजले. सात, उजवीकडे वळलेले. मायक्रोमीटर लावला. माप छत्तीसच्या आसपास आलं. अडतीस म्हणून विकतात त्या गोळीचं खरं माप तेवढंच भरतं. नाव एक आणि माप दुसरंच, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

"ही ठासणीची नाही," मी म्हणालो.

फौजदारांचा चहाचा कप तोंडापाशी थांबला. "नीट बघा."

"बघितली. ठासणीची गोळी गोल असते, तिला वळ नसतात. ही रिव्हॉल्व्हरची आहे."

"निघोज्यात कुणाकडे आलंय रिव्हॉल्व्हर?"

सुभेदार उठले. "फौजदारसायेब, जरा आमचं नवं गेट बघून घ्या. चला." त्यांना बाहेर शिपायाच्या स्वाधीन करून ते एकटे परत आले आणि दार लोटलं.

"किती वळ हायेत?"

"सात."

"परत मोज."

"तीनदा मोजले."

"तुला नोकरी नगं झालीया का, पवार?"

"हवी आहे."

"मग?"

"मग तो म्हादू आत कशाला बसलाय, सुभेदार?"

सुभेदारांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली, ड्रॉवरची. "मी राउंडला चाललोय," ते म्हणाले. "म्या काय बघितलं न्हाई." आणि गेले. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं होतं. ते या एका गोष्टीमुळे लिहिता येत नाही.

चिठ्ठी बांधलेली गोळी मी काढली आणि काड्यापेटीतल्या गोळीशेजारी ठेवली. माझ्या डोळ्याला शंका उरली नाही. फौजदार आले तेव्हा मी दोन्ही गोळ्या आणि रजिस्टरचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी साहेबांची सही वाचली आणि कपाळाचा घाम पुसला.

"हे तज्ज्ञाकडे पाठवावं लागेल," ते म्हणाले. "तुम्ही जबाब देणार?"

"आत्ताच लिहून घ्या."

आठ दिवसांत म्हादू जामिनावर सुटला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू? पत्रकातल्यासारखंच झालं होतं सगळं. रविवारी सायकल काढली आणि चिंचवडहून निघालो. मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली आणि निघोज्याला पोचलो. वाटलं होतं, माणूस गळ्यात पडेल.

म्हादू गोठ्यापुढे दोर वळत बसला होता. पन्नाशीचा, अंगानं काटक. मी कोण ते सांगितलं. त्यानं दोर खाली ठेवला.

"आस्सं. म्हंजी तू व्हय तो?"

"हो. गोळी तुमच्या बंदुकीची नाही, हे मीच..."

"कुनी सांगितलं हुतं तुला?"

मला कळेना. "तुम्ही निर्दोष आहात ना?"

"त्ये मला ठावं न्हाई व्हय?" तो उसळला. "म्या सकाळी नुस्ती दारू ठासून बार काढला. हरनं हुसकायला. गोळी बी न्हवती आन छर्रा बी न्हवता. मग सायेब आलं जीप घिऊन. बाभळीपाशी हुबं ऱ्हायलं. म्याच त्यान्ला जागा दावली. कांद्याच्या गाड्या चाकनला निघाल्या हुत्या वाटंनं. येक गाडीवान तर गाडी थांबवून हासत हुता, सायबानं नेम धरला तवा. दोन बार काढलं त्यांनी, येक टेकाडाच्या डोक्यावरनं गेला. पल्याड टेकाडामागं तुळसा हाय, त्ये मला तरी कुटं ठावं हुतं?"

"मग हे फौजदारांना का नाही सांगितलंत?"

"घरात भाकर खाल्लीया त्यांनी माज्या. पावन्याचं नाव घिऊ?" आणि मग हळू आवाजात, आत चुलीकडे एक नजर टाकून, "पोराला कंपनीत घेतो म्हनलेत. कायम. माज्यावरचा आळ काय, म्हैना-दोन म्हैनं. चुकून बार उडाला म्हनून सुटलो असतो. वकील बी बगून देनार हुतं त्ये. तू कशाला मदी तडमडलास, भावा? तुज्या त्या गोळ्यांनी माज्या पोराची भाकर पाडली."

"अहो, पण ती बाई?"

"तिला बी इचार जा. तिला काय पायजे त्ये तुला म्हाईत हाय का?"

मी विचारायला गेलो. तुळसाबाई ओसरीवर पाय लांब करून बसली होती. पट्टीतून औषधाचा पिवळेपणा बाहेर आला होता. ती बारीक आवाजात म्हणाली, "मला दोन आवाज आलं, भाऊ. हात न्हाई दिसला. टेकाड मदी हुतं." मग विचारलं, "पाय वाकल का पुन्यांदा? खुरपायला बसाय येईल का?" याचं उत्तर माझ्या मायक्रोमीटरात नव्हतं.

परतीच्या वाटेवर सायकल हातात धरूनच चाललो. तरी मनात आशा होती. तज्ज्ञाचा अहवाल यायचा होता. तो आला की सत्य उघडं पडेल आणि मग म्हादूही बोलेल.

अहवाल आला. गोळी साहेबांच्याच रिव्हॉल्व्हरची. माझं मोजमाप तंतोतंत बरोबर ठरलं.

फौजदारांनी मला बोलावून साहेबांचा जबाब वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं: रिव्हॉल्व्हर माझंच आहे. त्या दिवशी मी निघोज्याला गेलो होतो. म्हादूनं हत्यार बघायला मागितलं. मी विश्वासानं दिलं. त्यानं न विचारता दोन गोळ्या झाडल्या. मला या प्रकाराचा खेद होतो.

"हे खोटं आहे," मी म्हणालो. "सोमवारी ते मला म्हणाले, पहिली पोटात मारली, दुसरी हुकली."

"लिहून दिलंय का त्यांनी तसं?"

"नाही."

"दुसरं कुणी होतं ऐकायला?"

नव्हतं.

फौजदारांनी दुसरा कागद उचलला. खाली सही नव्हती, अंगठा होता. "व्हय, म्याच झाडल्या," असा म्हादूचा जबाब होता. त्याच्याच तोंडचे शब्द, कारकुनाच्या अक्षरात.

आता हिशेब बघा. मी बोललो नसतो तर म्हादूवर गुन्हा होता स्वतःच्या लायसनच्या बंदुकीतून हयगयीनं बार उडाल्याचा. मी बोललो म्हणून आता गुन्हा आहे लायसन नसताना दुसऱ्याचं रिव्हॉल्व्हर चालवल्याचा. शिवाय बांधाचा वाद आहे, म्हणजे सरकारी वकिलाला हेतूही आयता मिळाला. मी खरं तेच सांगितलं होतं. पण सांगितलेलं खरं अर्धं होतं. गोळी कुठल्या नळीतून आली हे मी सिद्ध केलं. हात कुणाचा होता, हे माझ्या शास्त्रात बसत नाही. त्या अर्ध्या सत्याची उरलेली जागा ज्याच्याकडे सत्ता होती त्यानं भरून काढली.

म्हादूचा मुलगा पहिल्या शिफ्टला येतो. कायम झाला. भट्टी खात्यात. पंखे अजून लागलेले नाहीत.

साहेबांना हत्यार बेपर्वाईनं हाताळल्याबद्दल समज मिळाली. लायसन गेलं नाही. आता त्यांनी बत्तीस घेतली आहे, असं ऐकतो. मला त्याच महिन्यात काढलं. कारण लिहिलं होतं, खात्याच्या वस्तू परवानगीवाचून बाहेरच्या माणसाला दाखवल्या. गेटवर सुभेदारांनी माझी झडती घेतली. नियम होता. झडती घेताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. "ड्रॉवरात गोळी ठिवायचा नेम बंद केला सायबांनी," एवढंच पुटपुटले.

आता कुठलीही गोळी कुठल्याही गेटाकडे बोट दाखवणार नाही.

आज मी निगडीच्या वाटेवर सायकली दुरुस्त करतो. बोअरबद्दल अजून कुणी विचारायला आलं तर सांगतो. पण 'त्यातल्या त्यात' म्हणत नाही. त्या दिवशी केबिनमध्ये 'नाही' म्हटलं असतं तर फार तर नोकरी गेली असती. ती तशीही गेली. फरक एवढाच, की एका बाईचा गुडघा आता वाकत नाही आणि एका निरपराध माणसानं गुन्ह्याच्या कबुलीखाली अंगठा उमटवला आहे. माप आधी निवडायचं असतं. गोळी सुटल्यावर निवडायला काही उरत नाही.

खटला अजून उभा राहायचा आहे. म्हणून हे लिहितो आहे, आणि म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या रविवारी सकाळी निघोज्याच्या गाडीवाटेनं पाच-सहा गाड्या कांदा घेऊन चाकणला गेल्या. त्यांतल्या एका गाडीवानानं बाभळीपाशी गाडी थांबवली. जीप उभी होती, साहेबी टोपीतला एक माणूस हरणावर नेम धरत होता आणि तो गाडीवान हसत होता. गाडीवान तुम्ही असाल, तुमचा भाऊ असेल, मामा असेल, किंवा अडतीवर त्यानं ही गंमत सांगताना तुम्ही ऐकलं असेल. त्याला शोधा. त्याच्यासोबत तालुक्याच्या कोर्टात जा. एकटा तो जाणार नाही. त्याला बोअर किंवा माप माहीत असण्याची गरज नाही. त्यानं एवढंच सांगायचं आहे, की बाभळीखाली त्या दिवशी हत्यार कुणाच्या हातात होतं.